भाड्याची रोपवाटिका
साम्राज्यं आणि वारसदार : लेखांक ५

२९ फेब्रुवारी १९९६. पुण्याचं नेहरू स्टेडियम. विश्वचषकाच्या साखळी सामन्यात केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत आटोपला. लारा आठ धावा करून परतला होता. गोलंदाजीत अँब्रोज, वॉल्श, बिशप होते. म्हणजे दुय्यम संघ पाठवला होता, असंही म्हणायची सोय नव्हती. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत हा संघ पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि मोहालीत अवघ्या पाच धावांनी हरला. गुणवत्ता होती, भरवसा संपला होता.

गेल्या आठवड्यात आपण मुंबईची रणजीतली सलग १५ विजेतेपदं पाहिली. १९७४ मध्ये कर्नाटकाने ती साखळी तोडली, पण मुंबईने पुढच्याच मोसमात करंडक परत आणला. कांगा लीग, हॅरिस शील्ड, मैदानांवरचे क्लब हे सगळं जागेवर होतं. हरला तो फक्त वरचा संघ. वेस्ट इंडिजच्या बाबतीत नेमकं उलटं झालं, म्हणून त्यांची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते.

त्या साम्राज्याच्या पायाभरणीत एक धोंडा आपलाही आहे. एप्रिल १९७६, पोर्ट ऑफ स्पेन. क्लाइव्ह लॉइडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि भारतापुढे ४०३ धावांचं लक्ष्य ठेवलं. गावसकरने १०२ केल्या, विश्वनाथने ११२, आणि भारताने फक्त चार गडी गमावून सामना जिंकला. फिरकीवरचा लॉइडचा विश्वास तिथेच उडाला. पुढच्याच कसोटीत, किंग्स्टनला, वेगवान माऱ्यापुढे अंशुमन गायकवाडच्या कानाला चेंडू लागला, विश्वनाथचं बोट गेलं, आणि पाच फलंदाज उतरूच न शकल्याने भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर थांबला. चार वेगवान गोलंदाजांचं सूत्र ठरलं ते असं. १९८० मध्ये न्यूझीलंडमध्ये हरल्यानंतर हा संघ तब्बल १५ वर्षं एकही कसोटी मालिका हरला नाही.

पण ही माणसं घडली कुठे? बेटांवर गुणवत्ता जन्माला येत होती, हे खरं. तिला पैलू मात्र इंग्लंडमध्ये पडत होते. १९६८ साली कौंटींनी परदेशी खेळाडूंना दार उघडलं आणि लॉइड लँकेशायरला, ग्रिनिज आणि मग मार्शल हॅम्पशायरला, रिचर्ड्स आणि गार्नर सॉमरसेटला खेळू लागले. आठवड्याचे सहा-सात दिवस क्रिकेट, ओल्या खेळपट्ट्या, थंडी, आणि खेळून पोट भरण्याची सवय. घरच्या शेल शील्डमध्ये मोसमाला मोजकेच सामने मिळत. तेवढ्यावर मार्शल घडला नसता. तंदुरुस्तीही बाहेरूनच आली. १९७७ मध्ये केरी पॅकरने आपल्या बंडखोर स्पर्धेसाठी डेनिस वेट हा ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक या संघाला जोडून दिला. त्याने पळवून पळवून घाम काढला, आणि पॅकरचा तमाशा आटोपल्यावरही तो वर्षानुवर्षं संघासोबतच राहिला.

थोडक्यात, रोपवाटिका होती, पण भाड्याची. मालक दुसरे, पाणी घालणारे दुसरे. बोर्ड फक्त फळं तोडत होतं. फळं येतात तोवर बागेची चौकशी कोण करतं? १९८४ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच घरी ५-० हरवणाऱ्या संघाच्या बोर्डाला ‘अकादमी काढा’ म्हणून सांगायला गेलं असतं, तर हसूनच परत पाठवलं असतं.

त्याच काळात मार खाणाऱ्या ऑस्ट्रेलियाने ॲडलेडला अकादमी सुरू केली. पुढे रॉड मार्शच्या हाती ती आली. वॉर्न, मॅकग्रा, स्लेटर तिथून गेले. १९९१ मध्ये ओव्हलवर रिचर्ड्स, मार्शल आणि दुजाँ एकाच कसोटीत निवृत्त झाले. त्यानंतरही अँब्रोज आणि वॉल्शने चार वर्षं पडझड झाकून धरली. मग मे १९९५ मध्ये सबाइना पार्कवर स्टीव्ह वॉने २०० धावा काढल्या, आणि मालिका ऑस्ट्रेलियाकडे गेली.

‘पोरं बास्केटबॉलकडे वळली’ हे यावरचं नेहमीचं स्पष्टीकरण. मला ते आळशी वाटतं. पोरं वळतातच, त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती, हा खरा मुद्दा. कौंटींनी परदेशी खेळाडूंच्या जागा आखडत्या घेतल्या, तेव्हा बेटांकडे पर्यायच नव्हता. ग्रेनाडात शेल कंपनीच्या नावाने अकादमी उघडली ती २००१ मध्ये, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनला ५१ धावांत सर्वबाद होऊन दोन वर्षं उलटल्यावर. तीही काही वर्षांतच बंद पडली. दरम्यान मानधनावरून खेळाडू आणि बोर्ड यांची भांडणं चालूच राहिली. २०१४ मध्ये तर धरमशालेचा सामना झाल्यावर संघ भारतदौरा अर्धवट टाकून घरी गेला.

यावर कुणी २०१२ आणि २०१६ चे टी-ट्वेंटी विश्वचषक दाखवेल. बरोबर आहे, पण गेल, ब्राव्हो, पोलार्ड, नरीन यांना वर्षभर खेळतं ठेवलं ते जगभरच्या लीगांनी. पुन्हा भाड्याचीच जमीन. फरक एवढाच की कौंटीतला अनुभव कसोटीत उपयोगी पडायचा. चार षटकांचा स्पेल टाकून दिवसभर गोलंदाजी करायची तयारी होत नाही.

शमार जोसेफचं उदाहरण घ्या. गयानातलं बाराकारा हे होडीने गाठायचं गाव, पूर्वीची नोकरी सुरक्षारक्षकाची, आणि पाठीशी प्रथम श्रेणीचे जेमतेम काही सामने. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिस्बेनला त्याने दुखऱ्या पायाने ६८ धावांत सात बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं. ऑस्ट्रेलियातला कसोटी विजय २७ वर्षांनी आला होता. काही दिवसांतच लखनौच्या आयपीएल संघाने त्याला करारबद्ध केलं. असा मुलगा सापडला कसा, यावर सगळ्यांनी भरभरून लिहिलं. मला मात्र त्याच्यासारखे न सापडलेले किती असतील, हा विचार छळतो.

जुलै २०२५ मध्ये त्याच सबाइना पार्कवर, त्याच ऑस्ट्रेलियापुढे, वेस्ट इंडिजचा डाव २७ धावांत संपला. स्टार्कने नऊ धावांत सहा बळी घेतले. बोर्डाने तातडीची बैठक ठरवली आणि लॉइड, रिचर्ड्स, लारा यांना सल्ल्यासाठी निमंत्रण धाडलं. त्यातल्या लॉइड आणि रिचर्ड्सचं तरी घडणं ज्या इंग्लिश मैदानांवर झालं, ती त्यांच्या बोर्डाची कधीच नव्हती.

(पुढील लेखांकात : ॲडलेडची अकादमी आणि तिचा ओसरलेला दबदबा)