लेकीचा खेळ घरात दिसू दे!

आपल्या घरच्या डिशवर किती चॅनेल येतात, असं कुणी अचानक विचारलं तर आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? दोनशे? तीनशे? आणि त्यातले आपण बघतो किती? सकाळी एखादं भक्तीचं, दुपारची जेवणं उरकली की सिनेमाचं, संध्याकाळी सातपासून मालिकांचं. घरातल्या पुरुषांच्या हाती रिमोट गेला की बातम्या, नाहीतर क्रिकेट. बाकीचे नंबर वर्षानुवर्षं दाबलेही जात नाहीत. पैसे मात्र दर महिन्याला नेमाने जातात.

या एवढ्या गर्दीत एक चॅनेल मला अजून सापडलेलं नाही. आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या खेळांचं! डिश कंपन्यांनी आणि केबलवाल्यांनी असं एक चॅनेल द्यावं का? माझं उत्तर 'हो' आहे. आणि त्याचं कारण मैदानापेक्षा आपल्या घराशी जास्त जोडलेलं आहे.

आमचं दिवा म्हणजे मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मधलं जंक्शन. जलद लोकल इथे थांबायला २०१६ चा डिसेंबर उजाडावा लागला. कोकणातून आलेली, गिरणगावात जागा पुरेना म्हणून इकडे सरकलेली अनेक कुटुंबं इथल्या चाळींत राहतात. कबड्डी या लोकांना शिकवावी लागत नाही. आजोबा मंडळातर्फे खेळलेले असतात, काकांच्या गुडघ्याला अजून त्याची खूण असते. मग या घरातली मुलगी कबड्डी खेळू लागली तर कौतुक व्हायला हवं ना?

बचत गटाच्या कामाने मी घराघरांत जाते, तेव्हा वेगळंच दिसतं. गटातल्या एका ताईंची मुलगी ठाण्याला कॉलेजात शिकत होती. चढाईत चपळ. कॉलेजच्या संघात आली, विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेली. पण सराव संपवून, गर्दीची गाडी पकडून दिव्याला उतरायला रात्रीचे आठ. घरी रोज एकच प्रश्न, "ह्यातून मिळणार काय?" आजीचा राग निराळा, "एवढीशी चड्डी घालून कसला मेला खेळ!" दुसऱ्या वर्षाला खेळ सुटला.

मी त्या ताईंना विचारलं, "तुम्ही तिला खेळताना कधी पाहिलंत?"

"कधी बघणार हो ताई? मॅच असते दिवसा, मी कामावर. ह्यांची ड्युटी तर त्याहून वेगळी. तिने मोबाईलवर दाखवलं होतं एकदा, पण एवढ्याशा स्क्रीनमध्ये आमची कुठली अन् समोरची कुठली, काही कळेना."

त्या घरात कुणीही तिचा खेळ पाहिला नव्हता. निर्णय मात्र सगळ्यांनी मिळून घेतला होता.

मैत्रिणींनो, मला टीव्हीचं महत्त्व वाटतं ते इथे. मोबाईल एकट्याने बघायची वस्तू आहे. टीव्हीसमोर आजी, वडील, धाकटा भाऊ, शेजारच्या वहिनी, सगळे एकत्र बसतात. मालिकेतली सून बरोबर की सासू, यावर आपण वाद घालतो. तसाच वाद एखाद्या पकडीवर झाला, तर त्या घरात मुलीच्या खेळाला जागा होते.

हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा 'क्रिकेट सोडून हे कोण बघणार?' असं म्हणणारे होतेच. आज ज्या घरात मुलीची कबड्डी सुटली, त्याच घरात मुलांची कबड्डी चवीने बघितली जाते. मुलांनी मॅटवर चड्डी घालून खेळलेलं कुणालाच खटकत नाही.

मुलींच्या वाट्याला काय आलं? २०१६ मध्ये त्याच लीगच्या जोडीने महिलांसाठी एक छोटी स्पर्धा झाली. तीन संघ, थोडेसे सामने. तिचा दुसरा हंगाम काही आला नाही. मुली कमी पडत होत्या म्हणावं, तर तसंही नाही. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीला झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला पुन्हा कबड्डीचा विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला. यातले किती सामने आपल्या घरात लागले होते, आठवून बघा बरं!

विश्वचषक फार वरची पायरी झाली. मधली पायरी कॉलेजची. मुली खेळ सोडतात त्या इथेच, अठरा ते एकवीस या वयात. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव होतो. देशभरच्या विद्यापीठांचे संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतात. 'खेलो इंडिया'च्या विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या आणि दूरदर्शनच्या खेळ वाहिनीने त्या दाखवल्या. पण या स्पर्धा दहा-बारा दिवसांत आटोपतात. वर्षभर गावोगावच्या मैदानांवर जे घडतं, ते घरात पोचत नाही.

आता पैशांचं बोलू. महिन्याचं बजेट आपल्यालाच बसवायचं असतं! २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम लागू झाले. १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपयांच्या आसपास पायाभूत शुल्क, आणि त्यात १०० चॅनेल. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच शुल्कात २०० चॅनेल झाले. २०२४ मध्ये या शुल्काची कमाल मर्यादा ट्रायने काढली, त्यामुळे आता कंपनीप्रमाणे आकडा वेगळा असू शकतो. यातली फुकट चॅनेल त्या शुल्कातच येतात, पैशांच्या चॅनेलची किंमत वर लागते. म्हणून कॉलेजच्या खेळांचं चॅनेल असलं, तर ते फुकटच्या यादीत हवं. वरचे पंधरा-वीस रुपये ज्या घरात क्रिकेटसाठी सहज निघतात, तिथे मुलींच्या खो-खोसाठी निघतीलच असं नाही.

'फुकट कसं परवडेल?' असं कुणी म्हणेल. पण अभ्यासासाठी हे झालेलंच आहे. आपल्या लहानपणी दुपारी दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचं 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागायचं, आठवतं? ते १९८४ पासूनचं. २०१७ मध्ये सरकारने 'स्वयंप्रभा' नावाची शैक्षणिक चॅनेल सुरू केली, सुरुवातीलाच तब्बल ३२! गणित, अर्थशास्त्र, इंजिनीअरिंग सगळं फुकट. कॉलेजच्या अभ्यासाला एवढी जागा मिळते, तर कॉलेजच्या मैदानाला एक नंबर द्यायला काय हरकत आहे? शिवाय डिश कंपन्या स्वयंपाक, भजन, व्यायाम अशी स्वतःची चॅनेल चालवतातच की!

सगळं कंपनी आणि चॅनेलच्या घासाघिशीवर सोडलं तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे कॉलेजच्या खेळांचं वेड मोठं. पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांच्या 'पॅक-१२' गटाने ऑगस्ट २०१२ मध्ये स्वतःची चॅनेल सुरू केली. पण डायरेक्टीव्ही या तिथल्या बड्या डिश कंपनीशी त्यांचं कधीच जमलं नाही. एवढी वर्षं त्या कंपनीच्या ग्राहकांना ती चॅनेल दिसलीच नाहीत. पुढे विद्यापीठांचा तो गटही फुटला आणि २०२४ च्या जूनअखेर चॅनेल बंद पडली.

त्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, तिथे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. तो सरासरी एक कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना पाहिला साधारण एक कोटी ४८ लाखांनी. मुली पुढे! यात एक मेख आहे. मुलींचा सामना साध्या अँटेनावरही फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर होता, मुलांचा मात्र पैसे भरायच्या केबल वाहिनीवर. म्हणजे चांगला खेळ सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवला, तर लोक बघतात. मुलींचाही बघतात.

एक शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गटात हा विषय काढला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "पोरीबाळींना टीव्हीवर आणायचं, चार लोक नको त्या नजरेने बघतील त्याचं काय?" त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच कॅमेरा कुठे ठेवायचा, काय दाखवायचं, याचे नियम आधी हवेत. कॉमेंट्री मराठीत हवी आणि ती खेळ समजावणारी हवी. बोनस कशाचा, पकड कशी चुकली, हे कळायला लागलं की बघणारा गुण मोजतो, कपडे मोजत नाही. पुरुषांच्या कबड्डीत आपण हेच करतो ना?

"मिळणार काय?" या प्रश्नालाही उत्तर आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. कोणत्या स्पर्धेतली कामगिरी त्यात धरतात, हे किती आईवडिलांना माहीत असतं? सामन्याच्या मध्यंतरात हीच माहिती दिली, तर जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

चॅनेल येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपण काय करायचं? आपल्या डिशवर डीडी स्पोर्ट्सचा नंबर कोणता, ते आज शोधून ठेवा. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं, त्यावरही ते दिसतं. आपल्या पॅकमध्ये न बघितलेली पैशांची चॅनेल किती आहेत, ती काढून टाका. सुटं चॅनेल घ्यायचा हक्क आपल्याला नियमानेच आहे.

आणि आपल्या गल्लीतल्या केबलवाल्या दादांना विसरू नका. गावोगावच्या लोकल चॅनेलवर गणपतीचं विसर्जन, नवरात्रीचा गरबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा तासन्‌तास चालतात. त्याच चॅनेलवर जवळच्या कॉलेजचा मुलींचा अंतिम सामना दाखवायला काय जड आहे? सामना दिवसा झाला तरी चालेल, दाखवा रात्री नऊला, आई-वडील घरी आल्यावर. महिला मंडळाने एक पत्र लिहावं, पाच-दहा जणींनी सह्या कराव्यात, कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना सोबत घेऊन जावं. दर महिन्याला पैसे आपण भरतो. मागायला लाजायचं कशाला?

मुलीने खेळ सोडायचा की नाही, हे ज्या घरात ठरतं, त्या घराने निदान तिचा एक सामना पूर्ण बघावा. मग काय ते ठरवा.