आपला मारिओ हळू पळायचा

१९९०च्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ‘टीव्हीला लावायचा गेम’ आला. कुणाच्या मामाने मुंबईहून आणला, कुणी गल्लीतल्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने घेतला. डब्यावर काय नाव आहे याकडे फारसं कुणी बघत नसे. त्याच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणायचे आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. ती पोरं आता चाळिशीला आली आहेत, हातात चार पैसे आहेत, आणि माळ्यावरचा डबा परत चालू करावा किंवा कुठूनतरी तसाच मिळवावा अशी हुक्की त्यांना येते. हा लेख त्यांच्यासाठी. आधीच एक सांगून टाकतो: जपानी ‘ओरिजिनल’च्या मागे लागून खिसा रिकामा करू नका. आपण जे खेळलो ते त्या यंत्रावर मिळत नाही.

डबा मुळात कोणाचा

निन्टेन्डोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीला आणला. त्याचंच लाडाचं नाव फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेला हा पांढरा-मरून डबा १४,८०० येनांना मिळायचा. आत ८ बिटांचा, १.७९ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि कामाची मेमरी जेमतेम २ किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो बहुधा त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला केलेली चलाखी आजही पडद्यावर दिसते. वरचे ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला.

अमेरिकेत हेच यंत्र १९८५ मध्ये एनईएस नावाने गेलं, पण दोन बदल होऊन. कॅसेट ६० पिनांची होती ती ७२ पिनांची झाली, आणि आत एक कुलूप-चिप बसली. निन्टेन्डोची परवानगी नसलेली कॅसेट घातली की ही चिप यंत्र चालूच देत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये असं कुलूप नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी कोणता डबा उचलला असेल हे सांगायला नको. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी त्याच्या चिपा हुबेहूब बनवल्या. पुढे सगळं काम एकाच चिपमध्ये आलं. डबा उघडल्यावर सर्किटवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोल दिसतो, त्याखाली ती असते.

भारतात निन्टेन्डोचं अधिकृत यंत्र ‘समुराई’ या नावाने आलं होतं, पण दुकानांत आणि घरांत राज्य केलं ते लिटल मास्टर, मीडिया असल्या नकलांनी. कारण उघड आहे, अधिकृत यंत्रं परवडत नसत. शॉ वॉलेस कंपनीने एप्रिल १९९५ मध्ये सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा गेमचा डबा भारतात आणला तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. अशा यंत्रांवरचं आयात शुल्क त्या वेळी ८० टक्क्यांच्या घरात होतं. त्या काळातल्या १८,००० रुपयांत मध्यमवर्गीय घर रंगीत टीव्ही घेईल, पोरांना गेम नाही.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव कशाचे?

कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. यादी उघडून खाली-खाली जात राहिलं की लक्षात यायचं, पंधरा-वीस गेम आहेत आणि तेच फिरून फिरून येताहेत. फरक इतकाच की एकीकडे मारिओ पहिल्या स्टेजपासून सुरू होतो, दुसरीकडे चौथ्यापासून. ‘कॉन्ट्रा’ या गेममध्ये कुठे नेहमीच्या लाइफ मिळतात, कुठे तीस. यादीच्या मागे समुद्रकिनारा आणि सीगल पक्षी असलेली एक कॅसेट जगभर गाजली. तिच्यावर ‘अनचेन्ड मेलडी’ या अमेरिकन प्रेमगीताची धून वाजायची. गेम निवडताना ऐकलेली ही धून मूळ गाणं कधीही न ऐकलेल्या माणसांच्याही डोक्यात पक्की बसली आहे.

तीस लाइफची मूळ युक्ती मात्र चोरीची नाही. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ (१९८६) हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना, तपासणीत आपल्यालाच तो झेपेना म्हणून हा कोड घातला आणि तो तसाच राहून गेला. कॉन्ट्राने (१९८८) तो घरोघरी पोचवला.

आपल्याकडे ‘टँकवाला गेम’ म्हणून ज्यावर भावंडांची भांडणं झाली तो ‘बॅटल सिटी’, नामको कंपनीचा, १९८५चा. त्या काळी तो अधिकृतपणे जपानबाहेर आलाच नव्हता. अमेरिकेतल्या समवयस्काला विचारा, बहुधा नुसता बघत राहील. रशियातल्याला विचारा, लगेच ओळखेल, कारण तिथेही ‘डेंडी’ नावाची अशीच नक्कल १९९२ पासून खपत होती. कुणाचं बालपण कोणत्या गेममध्ये गेलं हे निन्टेन्डोने ठरवलं नाही, नकला करणाऱ्यांनी ठरवलं. दोघांनी एकाच बाजूने खेळायचं, मधला गरुड वाचवायचा, आणि तरीही धाकट्याने मुद्दाम आपल्याच गरुडावर गोळी मारायची, ही मजा त्यांच्यामुळे आपल्या वाट्याला आली.

हळू पळण्याचं गणित

जपान आणि अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. भारतातला पाल पद्धतीचा, ५० चित्रांचा. या काळातले गेम घड्याळ बघून चालत नसत. पडद्यावर एक चित्र उमटलं की मारिओ एक पाऊल टाकणार, संगीत एक मात्रा पुढे सरकणार, अशी त्यांची रचना. म्हणजे चित्रं कमी झाली की खेळ तितकाच मंदावला.

आपल्याकडच्या बहुतेक नकलांनी पाल टीव्हीसाठी ५० चित्रं काढली, पण कॅसेटमधला गेम ६० चित्रांसाठी लिहिलेलाच ठेवला. मारिओच्या वरच्या कोपऱ्यात ४०० वरून उतरणारा आकडा आठवतो? तो दर २४ चित्रांनी एकाने कमी होतो. चारशे संपायला मूळ यंत्रावर १६० सेकंद लागतात, आपल्या यंत्रावर १९२. युरोपातही टीव्ही पालच होता, पण तिथे अधिकृत कॅसेट देताना निन्टेन्डोने मारिओची चाल आणि संगीत वाढवून ही तूट भरून काढली होती. आपल्याला कोण भरून देणार?

गंमत अशी की या नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग जवळपास मूळ इतकाच ठेवलेला असायचा. त्यामुळे संगीताचा सूर उतरला नाही, फक्त लय ढिली पडली. मोबाइलवर किंवा परदेशी यंत्रावर मारिओ लावला की ‘हा इतका घाईत का?’ असं वाटतं आणि आपण दोष वयाला देतो. वयाचा दोष थोडा असेलही, पण सहा चित्रांतलं एक चित्र खरंच कमी होतं. कॉन्ट्रात चौथ्या-पाचव्या स्टेजपर्यंत सहज पोचायचो, ही बढाईसुद्धा या हिशेबात बसवून पाहावी लागते.

संगणकावर खेळणाऱ्यांना यावर उपाय आहे. मेसेन, एफसीईयूएक्स यांसारख्या एम्युलेटरांत, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमांत, ‘डेंडी’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की आपली ढिली लय परत येते.

विकत घ्यायचं तर

हौसेपोटी जपानहून फॅमिकॉम मागवणाऱ्यांच्या वाटेत तीन अडचणी आहेत. पहिली, त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट खोचला तर जळतो, आणि नशीब वाईट असेल तर यंत्रही घेऊन जातो. दुसरी, तो टीव्हीला अँटेनाच्या तारेतून, जपानी चॅनलच्या लहरींवर चित्र पाठवतो, आणि त्या आपल्या टीव्हीवर सहसा पकडता येत नाहीत. जाणकाराकडून पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरीची सोय करून घ्यावी लागते. तिसरी, दोन्ही रिमोट डब्याला कायमचे जोडलेले असतात, आणि दुसऱ्यावर स्टार्टचं बटणच नसतं. त्याजागी मायक्रोफोन आहे.

संग्राहक म्हणून त्याचं मोल आहे, ते नाकारत नाही. पण लहानपणच्या आठवणीसाठी घेणार असाल तर लॅमिंग्टन रोड, चोर बाजार, पुण्यातला जुना बाजार किंवा नात्यातल्या कुणाचा माळा ही ठिकाणं जास्त कामाची. डबा हातात घेतल्यावर कॅसेटची फट, रिमोटच्या पिना आणि अडॅप्टरची भोकं तपासा. बाहेरचा आकार बघून हुरळून जाऊ नका. प्लेस्टेशनसारख्या दिसणाऱ्या कित्येक डब्यांत तीच ८ बिटांची चिप असते. रस्त्यावर मिळणारी ‘४०० इन १’ हातातली यंत्रंही त्याच कुळातली.

टीव्ही आणि बंदूक

जमलं तर जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही मिळवा. सपाट टीव्ही चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतो आणि मग दाखवतो. त्यात जाणारा क्षण मारिओला खड्ड्यात घालायला पुरेसा असतो. ‘गेम मोड’ असेल तर तो लावा.

बदकं मारायची बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही, आणि त्याचं कारण मजेदार आहे. बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळं, मग पांढरं दिसलं तर नेम लागला. आधीचा काळा पडदा कशासाठी? तर पोरांनी ट्यूबलाइटकडे नळी करून फसवू नये म्हणून. या डोळ्याला जुन्या पडद्याची, ओळीओळीने चित्र रंगवत जाणारी झपझप आणि वेळेचा अचूक मेळ लागतो. सपाट पडदा दोन्ही देत नाही. मुलांना जुन्या टीव्हीच्या मागे हात घालू देऊ नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

फुंकर मारू नका

कॅसेट चालली नाही की काढायची, फू करायची, परत घालायची. ही विद्या कुणी शिकवली माहीत नाही, पण साऱ्या जगातल्या पोरांना ती एकाच वेळी अवगत होती. चालायची ती फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून घातल्याने पिना पुन्हा नीट टेकायच्या म्हणून. फुंकरीतला ओलावा उलट पिनांना गंज चढवतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या कॅसेटला त्याची वेगळी गरज नसते.

योग्य उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी. काळपट थर फार घट्ट असेल तर खोडरबर एकदाच, हलक्या हाताने. जास्त घासलं तर वरचा धातूचा पातळ मुलामाच निघून जातो. पिवळा पडलेला डबा पांढरा करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची पद्धत आहे. हातमोजे घालून, अगदी जपूनच करावी. पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो आणि प्लास्टिक ठिसूळ होण्याची भीती असते. मला विचाराल तर पिवळा राहू द्यावा.

अडॅप्टर मात्र जुना वापरूच नका. बहुतेक नकलांना ९ व्होल्ट डीसी लागतं, पण मधली पिन धन की ऋण हे डब्यागणिक बदलतं. फॅमिकॉमची मधली पिन ऋण असते. डब्याच्या खाली छापलेली खूण पाहा. नसेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी मल्टिमीटर असलेला दुरुस्तीवाला शोधा. आत ५ व्होल्टचा रेग्युलेटर आणि फुगलेले कपॅसिटर तोच पाहून देईल.

कायदा आणि जतन

या यंत्रावरची पेटंटं केव्हाच संपली, त्यामुळे तसा डबा आज बनवणं गुन्हा नाही. गेमचे हक्क मात्र शाबूत आहेत. कायदेशीर खेळायचं तर ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ (२०१९) आहे, आणि आपला टँकवाला गेम ‘नामको म्युझियम आर्काइव्ह्‌ज’च्या दुसऱ्या भागात (२०२०) अखेर अमेरिकेलाही मिळाला. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःजवळच्या अधिकृत प्रतीची, ती बिघडू नये म्हणून, राखीव नक्कल करू देतं. नकली कॅसेटला ही सवलत लागू होत नाही.

पण जतनाचा खरा प्रश्न त्या नकली कॅसेटींचाच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं आढळलं. ही अधिकृत गेमची गोष्ट. सीगलवाल्या याद्या, तिसऱ्याच स्टेजपासून सुरू होणारे मारिओ, नाव बदललेले टँक यांची नोंद कोणत्याच कंपनीच्या दप्तरात नसणार. तेव्हा घर आवरताना जुनी कॅसेट सापडली तर भंगारात देण्याआधी तिच्या लेबलचा आणि जमलं तर आतल्या पट्टीचा स्वच्छ फोटो काढा, यादीतली नावं उतरवून घ्या, आणि कॅसेट वाचायचं यंत्र असलेल्या एखाद्या हौशी माणसाच्या हाती द्या.