उद्यांचें आकाश आणि पन्नास गणितें

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं पंचांग उघडून पर्जन्याचें वाहन कोणतें, हें पाहण्याची चाल आपल्या अनेक घरीं अद्यापि आहे. वाहन बेडूक असो वा मेंढा, पंचांगाचें उत्तर एकच असतें. वेधशाळेकडूनही आपण असेंच एक उत्तर मागतों : "पाऊस पडणार कीं नाहीं, तेवढें सांगा!" परंतु गेल्या साठ वर्षांत हवामानशास्त्राची जी प्रगति झाली, ती बव्हंशीं हा एका उत्तराचा हट्ट सोडल्यामुळें झाली आहे.

१९६१ सालीं अमेरिकेंतील प्राध्यापक एडवर्ड लॉरेन्झ हे गणकयंत्रावर हवेचें एक लहानसें गणित चालवीत होते. पूर्वीं केलेल्या गणिताचा कांहीं भाग पुन्हां पाहावा म्हणून त्यांनीं मधलाच एक आंकडा यंत्रास दिला, मात्र ०.५०६१२७ ऐवजीं ०.५०६ एवढाच दिला. फरक सहस्रांशाहूनही लहान! तरी पुढें दोन्ही उत्तरें एकमेकांपासून इतकीं दूर गेलीं कीं, त्यांचें नातें ओळखूं येईना. तात्पर्य हें कीं, आजच्या वातावरणाचें मोजमाप पूर्णपणें अचूक कधींच नसतें, आणि ती बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते.

मग उपाय काय? शास्त्रज्ञांनीं त्या चुकीसच कामास जुंपलें. आजचें उष्णमान, वायुभार व वारा ह्यांच्या आंकड्यांत, मोजमापांत संभवणाऱ्या चुकीइतकेच सूक्ष्म फेरफार करावयाचे आणि तेंच गणित अनेक वेळां सोडवावयाचें. हीच समुच्चय-पद्धति होय. इंग्लंडांतील रेडिंग येथील युरोपीय केंद्रानें व अमेरिकेच्या हवामान खात्यानें १९९२ मध्यें ती नित्याच्या कामांत आणिली. आज हें युरोपीय केंद्र एका मूळ गणिताच्या जोडीला पन्नास फेरगणितें चालवितें व पंधरा दिवस पुढें पाहतें. सर्व उत्तरें जवळजवळ आलीं, तर अंदाजावर अधिक विसंबावें. तीं चहूंकडे पांगलीं, तर सावध राहावें.

ऑक्टोबर २०१२ मध्यें 'सँडी' वादळ अटलांटिक महासागरांतून उत्तरेस चाललें होतें. अशीं वादळें बहुधा पूर्वेकडे समुद्रांतच निघून जातात. परंतु हें वादळ उलट पश्चिमेस वळून अमेरिकेच्या किनाऱ्यावर येईल, असा संभव युरोपीय केंद्राच्या कित्येक फेरगणितांनीं सुमारें आठवडाभर आधीं दाखविला. २९ ऑक्टोबरला तें न्यू जर्सीवर आदळलें.

ह्या पद्धतीचें उत्तर संभवाच्या भाषेंत येतें, आणि येथेंच वाचकांचा गोंधळ होतो. "अतिवृष्टीचा संभव शेंकडा वीस" ह्याचा अर्थ असा कीं, अशा शंभर प्रसंगीं सुमारें वीस वेळां अतिवृष्टि होईल. ती एके दिवशीं न झाल्यास वेधशाळेस खोटें ठरविणें अन्यायाचें आहे. शिवाय एकाच आंकड्यावरून सर्वांनीं एकच निर्णय घ्यावा, असेंही नाहीं. गच्चीवर पापड घालणाऱ्या गृहिणीनें वीस टक्के धोका खुशाल पत्करावा. होडी समुद्रांत लोटणाऱ्या कोळ्यानें पत्करूं नये. भिजलेले पापड पुन्हां लाटतां येतात, बुडालेला घरधनी परत येत नाहीं.

अर्थात् ही पद्धति निर्दोष नव्हे. मूळ सूत्रांतच दोष असेल, तर पन्नासही गणितें एकत्र चुकतात. म्हणून सूत्रांतही थोडे फेरफार करावे लागतात व मागील अंदाज प्रत्यक्ष अनुभवाशीं ताडून पाहावे लागतात.

आपल्या देशांत १ जून २०१८ पासून हवामान खात्यानें बारा किलोमीटरांच्या जाळीवर एकवीस गणितांचा समुच्चय वापरण्यास प्रारंभ केला. त्या कामांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा व तेथील 'प्रत्यूष' ह्या महागणकयंत्राचा मोठा वांटा होता.

ओडिशांत १९९९ च्या महाचक्रीवादळानें सुमारें दहा हजार माणसें नेलीं. २०१९ च्या मे महिन्यांत 'फनी' वादळ पुरीनजीक आलें, तेव्हां दहा लाखांहून अधिक लोक आधींच सुरक्षित स्थळीं हलविले गेले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. हें श्रेय एकट्या गणिताचें नव्हे. निवाऱ्याच्या इमारती, गांवोगांवचे स्वयंसेवक व ऐकणारे लोक ह्यांचेंही आहे. इशारा कितीही आधीं मिळाला, तरी तो समजून घेणारें घर नसेल तर तो व्यर्थ होय. ह्यापुढें वर्तमानपत्रांत 'संभव' हा शब्द दिसतांच वेधशाळेनें अंग काढून घेतलें असें म्हणूं नये. आपलें किती नुकसान होऊं शकेल, ह्याचा हिशेब घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्या आंकड्याशीं ताडून पाहावा.