मोबाईलवरचा लिलाव

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. ट्रॉलीभोवती व्यापारी जमतात. एक जण आकडा बोलतो. दुसरा त्याच्यावर चढतो. तिसरा त्याच्याही वर जातो. शेवटी सगळे गप्प होतात आणि माल शेवटच्या आकड्याला जातो. ग्रामपंचायत आपल्या चिंचेच्या झाडांचा लिलाव करते, तेव्हाही असेच होते. एक वार, दोन वार, तीन वार! झाला लिलाव.

लिलाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. शब्द परका, पण रीत आता घरचीच झाली आहे.

आता हाच लिलाव मोबाईलवर होऊ लागला आहे. त्याला ऑनलाइन लिलाव किंवा ई-लिलाव म्हणतात. त्यात माणसे एका जागी जमत नाहीत. कोणी नाशकात बसतो, कोणी नांदेडात, कोणी आपल्या ओसरीवर. बोली तोंडाने बोलायची नाही, बोटाने आकडा दाबायचा. बाकी रीत तीच. ज्याची बोली मोठी, त्याची वस्तू.

मग यात शिकायचे काय? पुष्कळ आहे. ते न शिकल्यामुळे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दोन लाख दहा हजार रुपये गेले. त्यात आमचाही दोष होता. म्हणून हा धडा लिहायला बसलो आहोत.

लिलाव कोण करतो?

सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या गाड्या, भंगार लोखंड यांचे लिलाव एमएसटीसी नावाची सरकारी कंपनी करते. कर्ज थकले तर बँका तारण ठेवलेली घरे आणि गाळे लिलावात काढतात. बँकांना हा अधिकार २००२ सालच्या सरफेसी कायद्याने मिळाला आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी २०२५ साली 'बँकनेट' नावाचे संकेतस्थळ सुरू झाले.

घराचा किंवा गाळ्याचा लिलाव बँकेला गुपचूप करता येत नाही. दोन वर्तमानपत्रांत नोटीस छापावी लागते. त्यांतले एक आपल्या भाषेतले असावे लागते. पहिल्या लिलावाआधी निदान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. म्हणजे वाचायला आणि चौकशी करायला वेळ असतो. तो वेळ आम्ही वाया घालवला.

नोटिशीतले चार शब्द

आमचा विद्यार्थी शिवणकाम करतो. तालुक्याच्या गावात अकरा वर्षे भाड्याच्या गाळ्यात मशीन चालवत होता. नवरा-बायकोने मिळून सहा लाख रुपये साठवले होते. एक दिवस तो वर्तमानपत्र घेऊन आमच्याकडे आला.

"गुरुजी, बाजारपेठेतला गाळा लिलावात निघालाय. एवढी नोटीस वाचून द्या."

आम्ही चष्मा लावला. किंमत वाचली, तारीख वाचली. म्हणालो, "चांगला आहे. जा पुढे." खालच्या बारीक अक्षरातल्या अटी आम्ही वाचल्याच नाहीत. चाळीस वर्षे मुलांना 'प्रश्न पुरता वाचा' म्हणून सांगितले आणि स्वतः अर्धाच वाचला!

त्या नोटिशीत चार शब्द होते. ते तुम्ही नीट समजून घ्या.

पहिला शब्द राखीव किंमत. यापेक्षा कमी बोली चालत नाही. त्या गाळ्याची राखीव किंमत ६,००,००० रुपये होती.

दुसरा शब्द इसारा रक्कम. बैल ठरवताना आपण इसार देतो, तसेच हे. बहुधा ती राखीव किमतीच्या दहा टक्के असते. येथे ती ६०,००० रुपये होती. ती आधी भरली तरच बोलीला बसता येते. लिलाव दुसऱ्याला गेला तर ती परत मिळते.

तिसरा शब्द बोलीची वाढ. एका वेळी निदान किती रुपयांनी चढायचे, ते ठरलेले असते. येथे ती १०,००० रुपये होती.

चौथा शब्द नव्हे, वाक्यच आहे. 'जसे आहे, जेथे आहे.' म्हणजे भिंतीला तडा असो, घरपट्टी थकलेली असो, आत दुसरे कोणी राहत असो, वस्तू आहे तशी तुमची. मागाहून तक्रार ऐकली जाईलच असे नाही.

दोन लाख दहा हजार कसे गेले?

लिलावाचा दिवस आला. आमचा विद्यार्थी मोबाईल घेऊन आमच्याच ओसरीवर बसला. सहा लाखांवरून बोली चढू लागली. पडद्यावर समोरच्याचे नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. सात लाख झाले. साडेसात झाले. त्याच्या कपाळावर घाम आला. प्रत्येक वेळी तो म्हणे, "गुरुजी, दहाच हजारांचा तर प्रश्न आहे!" आणि बोट दाबी.

दहा हजार दहा हजार करत बोली ८,४०,००० रुपयांवर थांबली. गाळा त्याला मिळाला. आम्ही पेढे मागवले.

दुसऱ्या दिवशी हिशोब कळला. घराच्या अशा लिलावात बोलीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत भरावा लागतो. ८,४०,००० चा चौथा हिस्सा २,१०,०००. त्यात इसाऱ्याचे ६०,००० धरतात. राहिले १,५०,०००. ते त्याने भरले.

उरलेले तीन हिस्से म्हणजे ६,३०,००० रुपये. बँकेने विक्री कायम केली की ते पंधरा दिवसांत भरायचे. त्याच्याजवळ उरले होते ३,९०,०००. तूट २,४०,००० ची. त्याने कर्जासाठी धावपळ केली, पण पंधरा दिवसांत कर्ज झाले नाही. मुदत टळली आणि भरलेले पैसे जप्त झाले. गाळाही गेला.

बँक लेखी कबूल झाली तर ही मुदत जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढते. हे आम्हाला मागाहून कळले. बँकेने दिली असती की नाही, कोण जाणे. पण आम्ही अर्जच केला नाही. कारण आम्हाला ठाऊकच नव्हते.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची बायको एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुमच्यावर राग नाही. पण ते पैसे मी ब्लाउजला हूक लावून लावून जमवले होते." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आधी वस्तू पाहा

अमेरिकेत १९९५ साली ईबे नावाचा ऑनलाइन लिलाव सुरू झाला. तेथे सुरुवातीला विकलेली एक वस्तू प्रसिद्ध आहे. फळ्यावर लाल ठिपका पाडणारी पेन्सिलीएवढी विजेची कांडी असते ना, ती. आणि तीसुद्धा मोडकी! ती १४.८३ डॉलरला गेली. विकणाऱ्यालाच नवल वाटले. त्याने विचारले, "ही मोडकी आहे, कळलं ना?" घेणारा म्हणाला, मी मोडक्याच कांड्या जमवतो. त्याने मोडके घेतले, पण जाणून घेतले.

आपणही जाणून घ्यावे. फोटोवर जाऊ नये. वस्तू दाखवण्याचा दिवस नोटिशीत दिलेला असतो. त्या दिवशी जावे. गाळा असेल तर गवंड्याला बरोबर न्यावे, ट्रॅक्टर असेल तर मिस्त्रीला. गाडीचे कागद, चासी नंबर ताडून पाहावे. घराची मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा उतारा काढावा. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल किती थकले आहे ते विचारावे, कारण ती बाकी घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते.

आणखी एक गोष्ट विचारावी. ताबा कोणता आहे? ताबा प्रत्यक्ष असेल तर कुलूप बँकेचे असते. ताबा प्रतीकात्मक असेल तर नुसता कागद लागलेला असतो आणि आत जुना मालक राहत असतो. अशा ठिकाणी पैसे भरूनही दार उघडायला फार दिवस लागू शकतात.

चोरांपासून जपा

जेथे पैसा, तेथे चोर. खऱ्यासारखे दिसणारे खोटे संकेतस्थळ कोणी बनवतो. कोणी फोन करून म्हणतो, "ट्रॅक्टर निम्म्या किमतीत देतो, आत्ता पैसे टाका." भुलू नका. नोटीस हातात घेऊन बँकेच्या शाखेत स्वतः जा आणि लिलाव खरा आहे का ते विचारा. इसारा नोटिशीत सांगितलेल्या मार्गानेच भरा. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. उशीर केला तर पैसे हाती लागणे कठीण होते.

दुसरा लिलाव

दोन वर्षे गेली. त्या नवरा-बायकोने पुन्हा पाच लाख जमवले. दुसरा एक गाळा लिलावात निघाला. राखीव किंमत ४,२०,००० आणि इसारा ४२,०००. या वेळी आम्ही तिघांनी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. गाळा पाहिला. मग वहीत हिशोब मांडला.

हातातले पैसे ५,००,०००. मुद्रांक, नोंदणी, घरपट्टीची बाकी आणि दुरुस्ती मिळून ६०,०००. उरले ४,४०,०००. हीच आपली शेवटची बोली. त्याच्या बायकोने तो आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या लिलावात एक नियम होता. तो पुष्कळ ठिकाणी असतो. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली केली, की वेळ आणखी पाच मिनिटे वाढते. म्हणजे शेवटच्या क्षणी झडप घालून उपयोग नाही. समोरच्याला पुन्हा चढायला वेळ मिळतो, आणि आपल्यालाही पुन्हा मोह होतो.

बोली ४,४०,००० झाली. ती आमच्या विद्यार्थ्याची होती. चार मिनिटे कोणी हलले नाही. मग पडद्यावर ४,५०,००० उमटले. त्याचे बोट पुढे गेले.

"अहो, वही बघा," बायको म्हणाली. तिने मोबाईलवर हात ठेवला.

तो थांबला. गाळा दुसऱ्याला गेला. काही दिवसांत ४२,००० रुपये खात्यात परत आले. त्या दिवशी पेढे कोणी मागवले नाहीत. पण रात्री सगळ्यांना झोप लागली.

आजही तो भाड्याच्या गाळ्यात मशीन चालवतो. पाच लाख शाबूत आहेत. वर्तमानपत्रातल्या नोटिशी आता त्याची बायको स्वतः वाचते. अक्षर अडले तर आम्हाला विचारते, पण पान शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही.

मंडळी, लिलावात वस्तू मिळाली नाही तर ती हार नव्हे. दुसरा लिलाव निघतो. पण ऐपतीबाहेर बोली केली, तर वस्तूही जाते आणि गाठोडेही जाते. म्हणून आकडा घरी ठरवावा, शांतपणे ठरवावा, आणि घरच्या माणसांसमोर वहीत लिहून ठेवावा.

उत्तरे द्या

१. इसारा रक्कम कशासाठी भरतात? ती केव्हा परत मिळते?
२. 'जसे आहे, जेथे आहे' याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
३. एका घराची बोली ८,००,००० रुपयांवर थांबली. चौथा हिस्सा किती? पंधरा दिवसांत भरायची रक्कम किती?
४. तुमच्या गावातल्या एखाद्या लिलावात कोणी ईर्षेने बोली वाढवली होती का? पुढे काय झाले, ते चार ओळींत लिहा.