उपवासाचं रताळं आणि पहिला घास

आमच्या लेकीनं आयुष्यातला पहिला घास खाल्ला तो रताळ्याचा. कराडला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, ''अरे, पहिलाच घास आणि तोही उपवासाचा?''

आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनात अमेरिकेतली सगळ्यात जास्त रताळी पिकतात. इथलं रताळं आतून केशरी, शिजलं की लोण्यासारखं मऊ आणि मुळातच गोड. लेक सहा महिन्यांची होत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तीनच प्रश्न विचारले. मान नीट धरते का? आधारानं बसते का? तुम्ही जेवताना तुमच्या घासाकडे बघते का? तिन्हींचं उत्तर 'हो' होतं. मग त्या म्हणाल्या, ''करा सुरुवात.''

इथल्या दुकानांत बाळांच्या तयार खाण्याची अख्खी रांग असते. आम्हीही चार बाटल्या आणल्या होत्या. पण अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीचा फेब्रुवारी २०२१मधला अहवाल वाचनात आला. बाळांच्या तयार खाण्यात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम सापडल्याचं त्यात होतं. बायको म्हणाली, ''आपण घरीच करू.'' पुढे वाचल्यावर कळलं, की हे धातू मातीतून आणि पाण्यातून पिकात येतात, म्हणजे घरी केलं की प्रश्न मिटला असं नाही. उपाय साधा आहे. रोज एकच पदार्थ द्यायचा नाही, आलटून पालटून द्यायचं. भात तर आर्सेनिक जास्तच ओढतो. त्यामुळे रोज पेज द्यायची नाही हे ठरलं. आईला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, ''मग नाचणी दे की. तू नाचणीच्या सत्त्वावरच वाढलायस.''

आम्ही दोघंही नोकरी करतो आणि लेक डे-केअरला जाते. त्यामुळे आठवड्याच्या प्युरीचं काम रविवारी सकाळी, आणि ते माझ्याकडे. रताळं, गाजर, लाल भोपळा, मटार, सफरचंद, नाशपती हे सगळं वाफवायचं. पाण्यात उकडलं तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. मग मिक्सरमधून काढून आईच्या दुधानं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं सैल करायचं. मटाराची सालं राहतात, म्हणून तो गाळून घ्यायचा. केळं आणि अव्होकाडो यांना शिजवायची गरजच नाही. तयार प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायची. एका खणात साधारण दोन चमचे बसते. घट्ट झालेले खडे पिशवीत भरून वर तारीख लिहायची आणि महिन्याच्या आत संपवायचे. वाटीत उष्टं राहिलेलं परत ठेवायचं नाही, कारण चमच्याबरोबर लाळ गेलेली असते. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यायचा आणि दोन-तीन दिवस थांबायचं, म्हणजे काही सोसलं नाही तर कशामुळे ते कळतं. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी होत जातो, म्हणून नुसत्या फळांवर भागत नाही. आम्ही मुगाचं वरण टोमॅटो घालून शिजवायचो. टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं अंगी लागतं.

आमची रविवारची सकाळ म्हणजे आईची दिवेलागणीची वेळ. फोन ओट्यावर टेकवून माझं काम चालायचं आणि ती तिकडून बघायची. उष्टावणीच्या आदल्या रविवारी मी म्हणालो, ''खिरीत साखर घालायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.'' ती लगेच म्हणाली, ''मग मध घाल चमचाभर.''

वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हे मला पाठ होतं. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या कच्च्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडू शकतात. घरात शिजवल्यानं ते मरत नाहीत. हे शांतपणे सांगता आलं असतं. पण मी ओरडलो, ''तुला काही कळतं का? जीव जाऊ शकतो तिचा!''

ती हळूच म्हणाली, ''तुला जन्मल्यावर मीच चाटवला होता मध.'' आणि फोन बंद झाला.

तीन दिवस ती फोनवर आली नाही. चौथ्या दिवशी मीच फोन केला आणि माफी मागितली. ''तुम्ही केलंत ते त्या वेळच्या माहितीवर केलंत. मला काही झालं नाही हे आपलं नशीब,'' एवढंच म्हणालो. उष्टावणीची खीर पिकलेलं केळं कुस्करून गोड केली. मामानं पुण्याहून व्हिडिओवरच घास भरवला, चमचा माझ्या हातात होता.

नवव्या महिन्यात मात्र माझी पाळी आली. दवाखान्यात मी कौतुकानं फोनमधली यादी दाखवली, चौदा पदार्थ झाले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ''यातलं गुठळ्या असलेलं काय आहे?'' एकही नव्हतं. मी सगळं रेशमासारखं मऊ करत होतो. परिणाम असा, की वरणात भाताचं शीत आलं तरी तिला उबळ यायची, ती थुंकायची आणि मी घाबरून पुन्हा मिक्सर लावायचो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की उबळ म्हणजे शिकणं. खोकते, आवाज करते तोवर तिला सावरू द्या. घास खरंच अडकला तर आवाजच येत नाही, तेव्हा धावायचं. अशा वेळी काय करायचं ते आम्ही दोघंही लगेच शिकून घेतलं.

त्या रविवारी आईला हे सांगितलं. ती हसली नाही की टोमणाही मारला नाही. एवढंच म्हणाली, ''पहिल्या महिन्यापासून सांगतेय, हातानं कुस्कर म्हणून. बोटांना कळतं किती बारीक करायचं ते. आज थोडं जाड ठेव, पुढच्या आठवड्यात अजून थोडं.''

तसंच केलं. महिन्याभरात ती मऊ भात, कुस्करलेली भाजी, पोळीचा दुधात भिजवलेला तुकडा खायला लागली. बर्फाच्या ट्रेमध्ये आता पुदिन्याची चटणी असते.

गेल्या महिन्यात लेकीचा पहिला वाढदिवस झाला. औक्षण झालं, केक कापला, सगळ्यांचे फोन झाले. शेवटी आईचा आवाज आला, जरा दबकतच.

''आता चालेल ना रे मध? एकदा डॉक्टरांना विचारून घे.''