झोपेत चालणारा माणूस

घरातला एखादा मोठा माणूस रात्री झोपेतून उठतो, उघड्या डोळ्यांनी दाराकडे जातो, कडी काढतो. हाक मारली तरी ओ देत नाही. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. मग कुणी म्हणते चकवा लागला, कुणी म्हणते बाहेरची बाधा. विज्ञान याला निद्राभ्रमण म्हणते. मुलांत ते शंभरात सुमारे पाच जणांना होते, प्रौढांत एक-दोघांना.

हे कसे घडते? मेंदूत सतत विद्युत-तरंग उठत असतात. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील तरंगांची पहिली नोंद घेतली. जागेपणी हे तरंग लहान व जलद असतात. गाढ झोपेत ते मोठे व संथ, सेकंदाला एक-दोनच होतात. अशी गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात लागते. तीतून मेंदू अर्धवटच जागा झाला, तर हालचाल घडविणारे भाग काम करू लागतात. विचार व स्मरण यांचे भाग मात्र झोपलेलेच राहतात. म्हणून पाय चालतात, पण धोका कळत नाही.

ही प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. अपुरी झोप, ताप, मनावरील ताण आणि काही झोपेच्या गोळ्या तिला चेतवतात. आपल्या बल्लारपुरात कागद कारखान्यात व कोळसा खाणींत अनेकजण पाळीत काम करतात. रात्रपाळी करून आलेल्यांची झोप पुरी होऊ देणे, हा पहिला उपाय.

दुसरा उपाय जागेचा. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. विद्यार्थी मित्रांनो, गणित करून पाहा: तीन मीटर उंचीवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर आदळतो, तोही ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने! तेव्हा अशा व्यक्तीचे अंथरूण खालीच, जमिनीलगत घालावे. दाराला घुंगरू बांधावे, म्हणजे घरचे जागे होतील. विळी, कोयता, काडेपेटी उचलून ठेवावी. जंगलालगतच्या वस्तीत तर उंबऱ्याबाहेर साप-बिबट्याचीही भीती असते.

झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर तो मरतो, ही समजूत खोटी आहे. मात्र गदागदा हलविल्यास तो गोंधळून झटापट करू शकतो. हळू आवाजात बोलत त्याला अंथरुणाकडे वळवावे. प्रौढपणी हा त्रास नव्याने सुरू झाला, वारंवार होऊ लागला किंवा इजा झाली, तर मांत्रिकाकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.