एमसीबी पडली नाही, मग कूलरला करंट कसा आला?

मे महिन्यात देवगाव फाट्याला घरी गेलो होतो. कूलरमध्ये पाणी टाकताना पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, तर दिवा पेटला. बोर्डावर नवी कोरी एमसीबी, तीही चालूच! आईचा प्रश्न बरोबर होता: "मग ही बसवली कशाला?"

मित्रांनो, एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. तिच्यावर सी-16 लिहिलं असेल, तर 16 अँपिअरपेक्षा बराच जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तरच ती पडते. माणसाच्या जिवाला मात्र 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.03 अँपिअरच्या पुढचा करंटही धोक्याचा. एवढासा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

"पण अर्थिंग आहे ना?" आहे. तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन आणि हिरवी वायर पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेते. (तुम्ही टू-पिन लावून कूलर चालवत असाल, तर ती वाटच बंद.) पण खड्ड्याची हालत काय आहे? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही. समजा तिथला रोध 50 ओहम झाला. 230 व्होल्ट भागिले 50, म्हणजे 4.6 अँपिअर. 16 ची एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहील. जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात, ते उगाच नाही.

इथे कामाला येते आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. घरासाठीच्या आरसीसीबीत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सप्लाय बंद. अर्थिंग असेल तर बहुधा हात लागायच्या आधीच. नसेल तर झटका बसतो, पण सप्लाय लगेच तुटतो. मात्र एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर तिला काहीच कळत नाही. आणि ओव्हरलोड तिचं काम नाही, त्यामुळे एमसीबीही हवीच.

सारखी पडते म्हणून काहीजण आरसीसीबी काढून टाकतात. अरे, ती कुठेतरी गळती आहे असं सांगतेय! आमच्याकडे पंपाची वायर सोललेली निघाली. ती बदलली, आरसीसीबी बसवली. तिच्यावरचं 'टी' बटण आई आता महिन्यातून एकदा दाबून बघते, आणि पाणी भरताना आधी प्लग काढते.